डीबीई प्रमाणपत्र : गृहीतकाकडून पुराव्याकडे

अमेरिकेत वंचित मालकांच्या छोट्या कंपन्यांना सरकारी वाहतूक-कामांत वाटा मिळावा म्हणून ‘डीबीई’ (डिसॲडव्हान्टेज्ड बिझनेस एंटरप्राइज) प्रमाणपत्र दिले जाते. त्याची नियमावली १९८०ची. पण या योजनेला खरा जोर आला तो जानेवारी १९८३मधल्या महामार्ग कायद्याने. केंद्राच्या निधीतून होणाऱ्या रस्ते आणि सार्वजनिक वाहतुकीच्या कामांतला किमान १० टक्के पैसा वंचित मालकांच्या छोट्या कंपन्यांकडे जावा, असे त्यात ठरले. १९८७मध्ये महिलाही याच गटात आल्या. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळनिवासी, आशिया-पॅसिफिक आणि भारतीय उपखंडातले मालक वंचित आहेत असे गृहीत धरले जाई, तसेच महिलांबाबतही धरले जाऊ लागले. सर्वेक्षणाची किंवा काँक्रीट चाचणीची कंपनी काढणाऱ्या अमेरिकास्थित मराठी अभियंत्यालाही या गृहीतकाचा लाभ होता.

त्याला पहिला मोठा धक्का कोलोरॅडोतून बसला. महामार्गाच्या कडेचे संरक्षक कठडे बसवण्याच्या उपकंत्राटात एका कंपनीने सर्वांत कमी दर भरूनही काम वंचित गणल्या गेलेल्या दुसऱ्या कंपनीला गेले, आणि तिच्या दाव्यात १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा वांशिक वर्गीकरणांना सर्वांत कडक कसोटी लावली. १९९९ची नवी नियमावली त्यातून आली. १० टक्के हे राष्ट्रीय उद्दिष्ट उरले, सक्तीचा कोटा नव्हे. मालकाच्या वैयक्तिक निव्वळ मालमत्तेवर साडेसात लाख डॉलरची मर्यादा आली. ती २०११मध्ये १३ लाख २० हजारांवर आणि २०२४मध्ये २० लाख ४७ हजारांवर गेली. राहत्या घरातला आणि अर्जदार कंपनीतला हिस्सा यात धरत नाहीत. २०२४पासून निवृत्तीनिधीही वगळला आहे.

५१ टक्के मालकी दाखवणे त्या मानाने सोपे. अर्ज अडकतात ते नियंत्रणावर. भागभांडवल पत्नीच्या नावावर, पण अंदाजपत्रके नवरा काढतो आणि कामगारही तोच नेमतो, अशा ठिकाणी तपासनीस थांबतात. प्रमाणपत्र मिळाल्यावरही काम खरोखर त्याच कंपनीने केले पाहिजे. मालाचा दर तिने ठरवायचा, मागणी तिने नोंदवायची, पैसे तिने भरायचे. कराराच्या ३० टक्क्यांहून कमी काम स्वतःच्या माणसांकडून झाले, तर कंपनी नावापुरती आहे असे मानले जाते. डीबीईच्या उद्दिष्टात एक लाख डॉलरचा माल स्वतः बनवणाऱ्या कंपनीचे लाखच्या लाख मोजतात, साठा ठेवून विकणाऱ्या व्यापाऱ्याचे ६० हजार, वितरकाचे ४० हजार. नुसत्या मध्यस्थाची फक्त दलाली धरतात.

सगळ्यात वादाचा निर्णय मात्र अलीकडचा आहे. सप्टेंबर २०२४मध्ये केंटकीतल्या फेडरल न्यायालयाने दावा करणाऱ्या कंपन्यांपुरती वंश आणि लिंगावर आधारलेल्या गृहीतकाच्या वापरावर मनाई आणली. ३ ऑक्टोबर २०२५च्या अंतरिम नियमाने ते गृहीतक सगळ्यांसाठीच काढले, तेही लोकांच्या हरकती आधी न मागवता. प्रमाणपत्र असलेल्या प्रत्येक कंपनीची फेरतपासणी करायची, आणि राज्यातली ती पूर्ण होईपर्यंत डीबीईची उद्दिष्टे ठेवायची नाहीत, सहभागही मोजायचा नाही. वर्षानुवर्षे नियमाने चाललेल्या कंपन्यांना यासाठी नीट मुदत मिळायला हवी होती.

आता मालकाने वैयक्तिक निवेदन आणि चालू मालमत्ता-विवरण द्यायचे असते. ‘भेदभाव सोसला’ एवढे लिहून भागत नाही, आणि वंश किंवा लिंग हा आधार अंशतःसुद्धा चालत नाही. अडथळा कोणता, त्याने शिक्षण, नोकरी किंवा धंद्यात काय अडले आणि आर्थिक नुकसान कसे व किती झाले, हे घटनेनिशी मांडावे लागते. कर्ज नाकारले असेल तर वर्ष, रक्कम, बँकेने पुढे केलेल्या अटी आणि तशाच कुवतीच्या दुसऱ्या व्यावसायिकाला मिळालेल्या अटी लिहाव्यात. काम पूर्ण करण्याची हमी देणारा बॉण्ड न मिळाल्याने निविदा भरता आली नसेल, तर ते काम केवढ्याचे होते तेही. नकाराची पत्रे आणि त्या वर्षांची कर-विवरणे जोडलेली बरी.

यात बरीच निवेदने फसतात ती शेवटच्या दुव्यावर: अडचण सविस्तर असते, तिच्यामुळे किती डॉलर बुडाले ते नसते. मालमत्ता मर्यादेत आहे एवढ्यानेही पुरत नाही. तशाच परिस्थितीतल्या, पण वंचित नसलेल्या व्यावसायिकांच्या तुलनेत आपण प्रत्यक्षात मागे आहोत, हे वेगळे सिद्ध करावे लागते.