हॅम स्प्रेडमधील पाण्याचा हिशेब

चेक प्रजासत्ताकात वाढदिवस असो, कार्यालयातील निरोप समारंभ असो वा ३१ डिसेंबरची रात्र, पाहुण्यांपुढे 'ख्लेबीचेक'चे ताट येणार हे ठरलेलेच असते. 'वेका' नावाच्या लांबट पांढऱ्या पावाचे तिरके काप, त्यावर बटाट्याचे सॅलड किंवा एखादे मऊ स्प्रेड आणि सर्वांत वर हॅमची घडी, उकडलेले अंडे व व्हिनेगरमध्ये मुरलेली काकडी, अशी या उघड्या सँडविचची रचना असते. यातील स्प्रेडला तिथे 'पोमाझानका' म्हणतात. त्याचा हॅमचा प्रकार करायला अगदी सोपा आहे: २०० ग्रॅम शिजवलेले हॅम, १०० ग्रॅम बिनमिठाचे बटर, दोन उकडलेली अंडी, दोन लहान मुरलेल्या काकड्या, थोडा कांदा आणि चमचाभर मस्टर्ड. सगळे बारीक चिरून एकत्र फेटले की झाले. तरीही एका घरचे स्प्रेड पावावर तासभर तुकतुकीत उभे राहते, तर दुसऱ्या घरचे थोड्याच वेळात पाणी सोडून पावाचा लगदा करते. हा फरक हाताच्या गुणापेक्षा पाण्याच्या हिशेबामुळे पडतो.

पहिला प्रश्न हॅमचा. कच्च्या मांसाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचाच असतो, आणि हॅम तयार करताना त्यात सुयांनी मिठाचे पाणी भरून ते फिरत्या पिंपात घोळवतात. मिठामुळे स्नायूंतील मायोसिन हे प्रथिन बाहेर येते, शिजताना त्याची जाळी तयार होते आणि त्या जाळीत पाणी अडकून बसते. किती पाणी भरायचे, हा मात्र उत्पादकाच्या सचोटीचा भाग आहे, आणि म्हणूनच चेक कायद्याने हॅमच्या तीन प्रती ठरवून दिल्या आहेत: सर्वोच्च प्रतीत शुद्ध स्नायू-प्रथिन किमान १६ टक्के, निवडक प्रतीत १३ टक्के आणि सामान्य प्रतीत १० टक्के असावे लागते. निव्वळ मांसात प्रथिन २० टक्क्यांच्या आसपास असते, हे लक्षात घेतले तर १० टक्क्यांच्या हॅममध्ये आपण कशाचे पैसे मोजतो ते उघड आहे. असे हॅम अखंड कापात बरे दिसते, कारण फॉस्फेट आणि स्टार्चसारखे घटक त्यातील पाणी धरून ठेवतात. पण सुरीने त्याचा बारीक चुरा केला की जाळी जागोजागी तुटते आणि पाट ओला होतो. माझ्या मते स्प्रेडसाठी स्वस्त हॅम घेणे ही चुकीची काटकसर आहे. तेच घ्यायचे असेल, तर चिरल्यावर कागदी रुमालावर पसरून टिपून घ्यावे.

दुसरा प्रश्न बटरचा, आणि खरी गंमत इथे आहे. बटर म्हणजे स्निग्धांशात विखुरलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. युरोपीय संघाच्या नियमानुसार त्यात दुग्धजन्य स्निग्धांश किमान ८० टक्के आणि पाणी जास्तीत जास्त १६ टक्के असते. दुधातील स्निग्धांश एका ठरावीक तापमानाला वितळत नाही. फ्रिजमध्ये त्याचा जवळजवळ निम्मा भाग स्फटिकरूपात घट्ट असतो, २० अंश सेल्सिअसला साधारण पाचवा हिस्सा घट्ट उरतो आणि तिशी ओलांडली की जेमतेम काही टक्के. स्प्रेडला हवी ती मधली अवस्था, ज्यात स्फटिकांचा सांगाडा शिल्लक असतो पण तो चमच्याने हलतो. अशा बटरमध्ये हॅम व काकडीचे थोडेसे पाणी फेटून मुरवता येते. पाणी त्याहून जास्त झाले, किंवा बटर वितळून सांगाडाच नाहीसा झाला, की थेंब एकमेकांना मिळतात आणि मिश्रण फुटते. प्रागच्या हिवाळ्यात ओट्यावर काढून ठेवलेले बटर आपोआप योग्य मऊ होते. मुंबईच्या मे महिन्यात मात्र त्याचे तूप व्हायला वेळ लागत नाही.

चेक स्वयंपाकघरांत यावर जुना उपाय आहे. 'पोमाझानकोवे मास्लो', म्हणजे सायीपासून केलेले, बटरपेक्षा पातळ असे उत्पादन तिथे अनेक जण बटरऐवजी वापरतात. त्यात दुग्धजन्य स्निग्धांश केवळ ३१ टक्क्यांच्या पुढे असतो, त्यामुळे त्याला 'बटर' म्हणता येणार नाही असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये दिला आणि नाव बदलावे लागले. चव अर्थातच बदलली नाही. दुसरा पर्याय प्रोसेस्ड चीजचा. स्वित्झर्लंडमधील थुन येथे वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर यांनी १९११ मध्ये चीज वितळवताना त्यात सोडियम सायट्रेट घालून पाहिले. हे क्षार चीजमधील केसिन प्रथिनाला बांधून ठेवणारे कॅल्शियम काढून घेतात. मोकळे झालेले केसिन मग एका बाजूने स्निग्धांश आणि दुसऱ्या बाजूने पाणी धरू शकते. म्हणून निम्म्या बटरच्या जागी मऊ प्रोसेस्ड चीज घातलेले स्प्रेड उष्ण हवेतही तग धरते. आपल्याकडे हे स्प्रेड करणाऱ्याने हाच मार्ग धरावा.

बाकीच्या घटकांचे थोडक्यात. काकडीची कोशिंबीर मीठ घालून ठेवली की जसे पाणी सुटते, तसेच इथेही खारट हॅमच्या सहवासात चिरलेल्या काकडीला पाणी सुटते. म्हणून ती घट्ट पिळूनच घालावी आणि हॅममध्ये दोन टक्क्यांच्या आसपास मीठ असतेच, तेव्हा वरून मीठ घालू नये. अंडी फार वेळ उकळली तर पांढऱ्यातील गंधक आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने बलकाभोवती हिरवट कडे येते, ज्याने स्प्रेड मळकट दिसते. मस्टर्ड केवळ चवीपुरते नसते; मोहरीच्या सालीतील बुळबुळीत पदार्थ थेंबांना विलग ठेवायला मदत करतो. कांदा मात्र वाढण्याआधीच घालावा, कारण चिरताच सुरू झालेल्या विकरांच्या क्रियेमुळे तो रात्रभरात उग्र होतो.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडले की कधी कधी वरचा थर करडा आणि चमच्याने उकरल्यावर आतला भाग गुलाबी दिसतो. हॅमचा गुलाबी रंग नायट्राइटमुळे येतो: त्यातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातील मायोग्लोबिन या रंग देणाऱ्या प्रथिनाच्या लोहाला चिकटतो आणि शिजवल्यावर तो रंग पक्का होतो. प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की हा बंध सुटतो. त्यामुळे पातळ प्लास्टिक थेट पृष्ठभागाला चिकटवून झाकले, म्हणजे मध्ये हवा राहत नाही.

नायट्राइट बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूंना रोखते, पण लिस्टेरियाबाबत तेवढ्यावर विसंबता येत नाही, कारण हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढतो. शिजवलेले हॅम पुन्हा न तापवता खाल्ले जात असल्याने गरोदर स्त्रियांनी हे स्प्रेड टाळावे. इतरांसाठी ते आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. पावाच्या कापांना आधी शुद्ध बटरचा पातळ हात द्यावा, त्याने ओलावा पावात उतरत नाही. स्प्रेड ऐनवेळी लावावे आणि खोलीत दोन तासांहून अधिक राहिलेले काप टाकून द्यावेत. उन्हाळ्यात तर त्याहूनही आधी. म्हणूनच सगळे ताट एकदम न भरता अर्धे मिश्रण फ्रिजमध्येच राखून ठेवणे शहाणपणाचे.