कोॲक्शियल मॉडेल हेलिकॉप्टर : निगा व सुधारणा (खानदेश)

एकाच अक्षावर एकाखाली एक बसवलेल्या व परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन मुख्य रोटरांवर उडणारे, रेडिओ-नियंत्रित छोटे हेलिकॉप्टर. दोन्ही रोटरांचे प्रतिपरिबल (सांगाड्याला उलट फिरवू पाहणारा जोर) एकमेकांस रद्द करत असल्याने शेपटीच्या रोटरची गरज उरत नाही. प्रत्येक रोटरला स्वतंत्र मोटार असते; दोन मोटारींच्या वेगांत फरक पाडला की नाक डावी-उजवीकडे वळते. पुढे-मागे व बाजूंना जाण्यासाठी दोन सर्व्हो (नियंत्रणानुसार हलणाऱ्या छोट्या मोटारी) स्वॉशप्लेट या कलत्या चकतीद्वारे केवळ खालचा रोटर कलवतात. वरच्या रोटरवर फ्लायबार म्हणजे वजनदार टोकांचा दांडा असतो व तो मॉडेलला आपोआप सावरतो.

कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. मिखाईल लोमनोसॉव्ह याने १७५४ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे स्प्रिंगवर चालणारे दुहेरी रोटरांचे यंत्र दाखवले होते. हवामानमापनाची उपकरणे उंचावर नेणे हा त्याचा उद्देश होता. मात्र ते दोरीला टांगून प्रतिभाराच्या साहाय्याने दाखवले गेले. त्यामुळे रशियन लेखक त्यास पहिले मॉडेल हेलिकॉप्टर मानत असले, तरी ते मोकळे उडू शकले असते असे त्या नोंदींवरून सिद्ध होत नाही. फ्रान्समध्ये लोनॉय व ब्यँव्हन्यू यांनी १७८४ मध्ये पिसांच्या पात्यांचे व धनुष्याच्या ताणावर चालणारे मॉडेल अकादमीपुढे उडवले. मोकळ्या उड्डाणाचा निकष लावल्यास हा मान त्यांच्याकडे जातो. हेन्री ब्राइट याने ब्रिटनमध्ये १८५९ मध्ये कोॲक्शियल रचनेचे पेटंट घेतले. भारतीय नौदलाची कामोव्ह हेलिकॉप्टरे, तसेच १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेले सु. १.८ किग्रॅ.चे ‘इन्जेन्युइटी’ याच रचनेची आहेत.

छंदाच्या बाजारात ही मॉडेले विजेच्या मोटारी व लिथियम-पॉलिमर (लायपो) बॅटऱ्या स्वस्त झाल्यावर, म्हणजे साधारणपणे २००० नंतरच्या दशकात रुळली. हिरोबोची एक्सआरबी, ई-स्कायची लामा आणि ई-फ्लाइटची ब्लेड सीएक्स ही परिचित नावे. लामा मॉडेलांचा साचा ज्या फ्रेंच हेलिकॉप्टरवरून घेतला, तेच हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) परवान्याखाली ‘चीता’ म्हणून भारतात बांधले. मूळ विमानाला एकच मुख्य रोटर व शेपटीचा रोटर असतो. मॉडेलच्या शेपटीवरचा रोटर मात्र शोभेपुरताच. या वर्गातील मॉडेलांचा रोटर सु. ३४ सेंमी. व्यासाचा, उड्डाणभार सु. २२५ ग्रॅ. आणि बॅटरी ७.४ व्होल्टची, दोन सेलांची असते.

निगा : सर्वाधिक चर्चा होणारा दोष म्हणजे मॉडेल एका जागी स्थिर न राहता वाढत्या वर्तुळात डोलू लागणे. यामागे वाकलेला आतला शाफ्ट (वरचा रोटर फिरवणारा दांडा), पुढे-मागे सरकलेला गुरुत्वमध्य आणि फ्लायबारला रोटरशी जोडणाऱ्या लिंकमधील (जोडदांडीतील) घर्षण अशी तीन कारणे दिली जातात. बरेच जण तडक नवा शाफ्ट मागवतात. परंतु लिंक हाताने हलवून ती स्वतःच्या वजनाने पडते का, हे आधी पाहणे योग्य. कारण किंचित अडकणारी लिंक फ्लायबारची दुरुस्ती रोटरपर्यंत उशिरा पोहोचवते व हा उशीरच डोलणे वाढवतो. शाफ्ट वाकला असल्यास डोलण्यासोबत थरथरही जाणवते. काचेवर लोळवून तो तपासता येतो. पात्यांचे स्क्रू इतकेच आवळावेत की मॉडेल आडवे धरल्यास पाते अलगद खाली झुकेल. ते घट्ट असले तर पाती स्वतः सरळ रेषेत येत नाहीत आणि कंप सुटतो. पिनियन (मोटारीवरचे छोटे दातेरी चाक) व गिअर यांमध्ये कागदाची पट्टी घालून मोटार दाबावी व पट्टी काढावी, म्हणजे दातांत योग्य मोकळीक राहते. दोन मोटारींचे ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे घासते तुकडे) सारखे झिजत नाहीत. मग नाक एकाच बाजूला ओढू लागते. नियंत्रण पेटीवरील स्क्रूने ते काही काळ सावरते, पण ओढ वाढत गेल्यास मोटारी जोडीनेच बदलाव्यात.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत कपाशीची रुई व काळ्या मातीची धूळ हे निगेचे खास प्रश्न आहेत. वेचणी व जिनिंगच्या हंगामात तंतू खालचा रोटर फिरवणाऱ्या बाहेरच्या पोकळ शाफ्टभोवती व बेअरिंगजवळ गुंडाळले जातात. ते चिमट्याने काढावेत, तेल ओतू नये, कारण तेलावर धूळ अधिकच बसते. डाख देण्याची (सोल्डरिंगची) बारीक कामे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत होऊ शकतात. शेतपंपाच्या मोटारी बांधणाऱ्या कारागिरांकडे मात्र या इवल्या सीलबंद मोटारींसाठी काही उपाय नसतो.

उन्हाळ्यातील बॅटरीची काळजी वेगळी घ्यावी लागते. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो. तो ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये आणि न वापरता ठेवायचा असल्यास सु. ३.८ व्होल्टवर ठेवावा. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४४° से. वर जातो. अशा वेळी उन्हात उभ्या गाडीत भरलेली बॅटरी ठेवणे किंवा उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावणे घातक आहे. फुगलेली बॅटरी वापरातून काढावी.

सुधारणा : अ‍ॅल्युमिनियमची स्वॉशप्लेट, धातूचे रोटर हेड, कडक पाती, मोटारींवरचे उष्णताशोषक आणि ब्रशलेस मोटारी हे बदल लोकप्रिय आहेत. शेवटच्या बदलात मूळची एकत्रित नियंत्रण पेटी काढून रिसीव्हर, जायरो (वळण ओळखून नाक स्थिर ठेवणारा संवेदक) व वेगनियंत्रक स्वतंत्र बसवावे लागतात. धातूच्या भागांतील फट कमी असते व नियंत्रण नेमके होते, हे खरेच. पण वजनाचा हिशेब क्वचितच मांडला जातो. डिसेंबरच्या १२° से.च्या पहाटेपेक्षा मेच्या ४४° से.च्या दुपारी हवा सु. १० टक्के विरळ असते व तरंगत राहण्यास सु. ५ टक्के अधिक शक्ती लागते. २२५ ग्रॅ.च्या मॉडेलवर १० ग्रॅ. धातू चढवल्यास केवळ त्यानेच ६ ते ७ टक्के अधिक शक्ती लागते. म्हणजे १० ग्रॅ. धातू हा खानदेशच्या उन्हाळ्यापेक्षा जड पडतो, आणि उन्हाळ्यात दोन्ही भार त्याच ब्रशच्या मोटारींवर येतात. शिवाय आपटल्यावर प्लास्टिकचा भाग तुटून धक्का संपवतो, तर धातूचा भाग तो शाफ्ट व सर्व्होकडे पोहोचवतो. सुटे भाग बहुधा कुरिअरने मागवावे लागणाऱ्या गावांत हा फरक मोठा आहे. उष्णताशोषक व चांगली पाती आधी घ्यावीत. धातूचे हेड मूळ हेडची फट खरोखर वाढल्यावरच बसवावे. कार्बनचा आतला शाफ्ट हलका असतो. तो वाकत नाही, थेट तुटतो, त्यामुळे दोष लगेच कळतो.

वाऱ्यात पुढे रेटल्यास वरची व खालची पाती एकमेकांवर आदळू शकतात. म्हणून ही मॉडेले शाळेच्या सभागृहात, रिकाम्या मंगल कार्यालयात किंवा लू सुटण्याआधी सकाळी उडवतात. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅ.पर्यंतची मानवविरहित विमाने ‘नॅनो’ वर्गात येतात व त्यांना दूरचालक (रिमोट पायलट) प्रमाणपत्र लागत नाही. तथापि जळगाव विमानतळाच्या परिसरात उघड्यावर उडवण्यापूर्वी शासकीय हवाई नकाशातील लाल व पिवळे पट्टे (परवानगीविना उडवण्यास मनाई असलेले भाग) पाहणे आवश्यक आहे. ब्रशलेस मोटारी व मोठी बॅटरी बसवल्यावर २५० ग्रॅ.ची मर्यादा सहज ओलांडली जाते, त्यामुळे बदलानंतर मॉडेल पुन्हा तोलावे.