गरोदरपणाचे सुरुवातीचे आठवडे

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 13 आठवडे 6 दिवसांपर्यंतचा काळ म्हणजे गरोदरपणाची पहिली तिमाही. बोलताना आपण 'दिवस गेलेत' म्हणतो आणि पाळी चुकली तिथून पुढे महिने धरतो, डॉक्टर मात्र त्याच्याही चार आठवडे आधीपासून मोजत येतात, आणि बहुतेक सगळा गोंधळ इथेच होतो. पाळी चुकून तीन-चार दिवस झालेत आणि कागदावर 'साडेचार आठवडे' असं लिहिलेलं दिसलं की भल्याभल्या जणी घाबरतात. त्यातले पहिले साधारण दोन आठवडे गर्भ नसतोच, तेव्हा अंडं तयार होत असतं. म्हणजे 'सहा आठवड्यांचं गरोदरपण' म्हटलं तर आतला गर्भ खरा चार आठवड्यांचा असतो. महिन्यांचंही तसंच, 'तिसरा लागलाय' आणि 'दोन भरलेत' हे दोन्ही एकाच दिवशी खरं असतं, म्हणून तपासणीला जाताना महिने सांगण्यापेक्षा शेवटच्या पाळीची तारीख सांगावी. या नोंदीत जिथे फक्त 'आठवडे' म्हटलंय ते पाळीपासूनचे आहेत.

तारखेचा हिशेब

पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. 10 मार्चला पाळी आली असेल तर 17 डिसेंबर. हा नियम हायडेलबर्गचे जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले (1778–1851) यांच्या नावाने चालतो. पण मूळ विचार त्यांच्या आधीचा, लायडेनचे डच वैद्य हर्मन बुरहाव्ह (1668–1738) यांचा, आणि नेगेलेंनी तो पुढे नेला हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात. खरा वाद वेगळाच आहे. सात दिवस मिळवायचे ते पाळीच्या पहिल्या दिवसात की शेवटच्या? बुरहाव्हच्या मजकुरातून ते नीट कळत नाही, आणि पहिला दिवस पक्का झाला तो नंतरच्या पाठ्यपुस्तकांमुळे, असं मत मांडलं गेलंय. ते पटण्यासारखं आहे, कारण शेवटचा दिवस धरला तर तारीख चार-पाच दिवस पुढे जाते आणि प्रत्यक्षात बाळंतपणं होतात त्याच्या ती जास्त जवळ येते. 1990 मध्ये अमेरिकेत मिटेनडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी पाहिलं तर पहिलटकरणींमध्ये मधला काळ 288 दिवस निघाला आणि आधी बाळंतपण झालेल्यांमध्ये 283, पुस्तकातला आकडा मात्र 280. गंमत अशी की नेगेलेचा नियम आणि 280 दिवस हेसुद्धा तंतोतंत एक नाहीत, मधले महिने कोणते येतात त्याप्रमाणे नियमाने 280 ते 283 दिवस भरतात (वरच्या उदाहरणात 282 होतात). आपली 'नऊ महिने नऊ दिवस' ही म्हण पाळीपासून धरली तर 282 ते 285 होतात, म्हणजे फार लांब नाही, पण कुठून मोजायचं ते म्हण सांगत नाही.

हे सगळं 28 दिवसांची पाळी आणि चौदाव्या दिवशी अंडं सुटणार असं धरून चाललेलं गणित आहे. ज्यांची पाळी 35-40 दिवसांनी येते किंवा नेम नसतो त्यांना ते लागू पडत नाही, आणि अशा बाईला पहिल्याच सोनोग्राफीत 'वाढ कमी दिसतेय' असं सांगितलं गेलं तर वाढ कमी आहे की तारीखच चुकलीये हे आधी बघायला हवं.

रुजणं आणि टेस्ट

अंडं आणि शुक्राणू यांचं मीलन बीजनलिकेत होतं, मग ती पेशी विभागत विभागत गर्भाशयाकडे सरकते आणि अस्तरात रुजते. रुजायला किती दिवस लागतात यावर ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांचा 1999 चा अभ्यास अजूनही आधाराचा मानला जातो. टिकलेल्या गरोदरपणात अंडं सुटल्यानंतर 6 ते 12 दिवसांनी गर्भ रुजला, आणि त्यातल्या 84 टक्क्यांमध्ये आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी. उशिरा रुजणाऱ्यांमध्ये गर्भ न टिकण्याचं प्रमाण वाढत गेलेलं दिसलं. याच गटाच्या 1988 च्या अभ्यासात रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून जी गरोदरपणं ओळखली त्यातली 22 टक्के कुणाला कळायच्या आतच संपली होती. पाळी दोन-चार दिवस लांबली एवढंच त्या बायकांना वाटलं असणार.

रुजल्यावर गर्भाच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतात, टेस्टमध्ये दिसतं ते हेच. सुरुवातीला ते साधारण 48 ते 72 तासांत दुप्पट होतं आणि आठ ते अकरा आठवड्यांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं, मग उतरतं. याच्या तपासणीचा इतिहास मोठा आहे. बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी 1920 च्या दशकाच्या शेवटी बाईची लघवी उंदराच्या लहान माद्यांना टोचून त्यांचे बीजांडकोश तपासायची पद्धत काढली, त्यात उंदीर मारावेच लागायचे. नंतर 1930 च्या दशकात लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या कामातून आफ्रिकन नखी बेडकाची टेस्ट आली, बेडकीने अंडी घातली तर बाई गरोदर, आणि बेडकी जिवंत राहायची. घरच्या घरी करायची टेस्ट ही कल्पना 1967 मध्ये मार्गारेट क्रेन या डिझायनरने एका औषध कंपनीत काम करताना मांडली, तिथल्या लोकांचा सुरुवातीचा आक्षेप होता की हे काम डॉक्टरांचं आहे.

आजच्या पट्टीवर पहिली लाइन टेस्ट नीट चालली एवढंच सांगते, दुसरी एचसीजीची. पाळी चुकायच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी केली तर दुसरी लाइन इतकी फिकी येते की पट्टी खिडकीशी नेऊन तिरकी करून बघावी लागते, मग फोटो काढून मोठा करून बघितला जातो, मग दुसऱ्या कुणाला दाखवला जातो. दिलेल्या वेळेत लाइन दिसली आणि तिला रंग असेल तर फिकी असली तरी ती बहुधा खरीच असते. वेळ उलटून गेल्यावर पट्टी वाळताना उमटते ती करडी रेघ मात्र धरायची नाही. शंका असेल तर दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर परत करावी, कारण दोन दिवसांत आकडा दुपटीच्या आसपास गेलेला असतो. गडद लाइन म्हणजे गर्भ जास्त चांगला असं काही नाही, पट्टी मोजमाप सांगत नाही, त्यासाठी रक्ताची बीटा एचसीजी तपासणी.

काय काय जाणवतं

पाळी येणार असल्यासारखंच वाटतं, आणि खूप जणींना हेच आधी समजत नाही. ओटीपोटात जडपणा, हलक्या कळा, छाती दुखरी, हे दोन्हीकडे सारखंच, कारण दोन्हीमागे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आहे. थकवा मात्र वेगळा असतो, रात्रभर झोपूनही दुपारी डोळे उघडे ठेवणं कठीण जातं, बाहेरून काहीच दिसत नसतं त्यामुळे घरच्यांना तो आळस वाटू शकतो, तो आळस नाही. वारंवार लघवीला जावं लागतं, गर्भाशयाचा दाब पडायच्या आधीच, कारण मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त लवकर वाढतं. बद्धकोष्ठ, पोट फुगणं, वास सहन न होणं, उगाच रडू येणं हेही असतं.

मळमळीवर मात्र जास्त लिहायला हवं. साधारण दहापैकी सात जणींना ती होते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास सगळ्यात वाईट असते आणि बाराव्या ते सोळाव्यापर्यंत बहुतेकींची ओसरते. 'मॉर्निंग सिकनेस' हे नाव चुकीचं आहे, कोरडे उमासे दिवसभर येऊ शकतात. कारण काय यावर बरीच वर्षं एचसीजीचं नाव घेतलं गेलं, कारण दोन्ही एकाच वेळी वाढतात. दुसरं मत उत्क्रांतीचं, की आईने घातक पदार्थ खाऊ नयेत म्हणून ही योजना. आताचा पुरावा जीडीएफ15 या संप्रेरकाकडे जास्त झुकतो. 2018 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून ते पुढे आलं आणि 2023 च्या कामातून दिसलं की हे संप्रेरक मुख्यतः गर्भ आणि वारेकडून येतं, मेंदूच्या तळाशी उलटीचं केंद्र चाळवतं, आणि ज्या बायकांमध्ये ते गरोदरपणाआधी कमी असतं त्यांना एकदम वाढलेलं जास्त बाधतं. म्हणजे उलट्या 'मनाचे खेळ' आहेत असं जे वर्षानुवर्षं बायकांना ऐकवलं गेलं त्याला आधार नाही. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन आधीच्या 5 टक्क्यांच्या वर उतरलं असेल तर ती नेहमीची मळमळ नव्हे, त्याला उपचार लागतात आणि ते मागायला संकोच करू नये. डॉक्सिलामाइन आणि बी6 जीवनसत्त्वाची एकत्र गोळी बऱ्याच ठिकाणी पहिलं औषध म्हणून देतात, अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

मळमळ असणाऱ्यांमध्ये गर्भपाताचं प्रमाण कमी दिसतं हे खरंय, पण म्हणून मळमळ नाही म्हणजे काही बिघडलंय असं होत नाही. दहापैकी तिघींना ती होतच नाही. शिवाय लक्षणं रोज सारखी नसतात, मंगळवारी उलट्या आणि बुधवारी एकदम बरं असंही चालतं.

डोहाळे हा शब्द संस्कृत 'दोहद'शी जोडतात. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं म्हणून बाई दोन हृदयांची, 'दौहृदिनी', अशी उपपत्ती दिली आहे. भाषेच्या अंगाने ती नंतर जुळवलेली असावी असंही म्हटलं जातं. अमुक खावंसं वाटतं म्हणजे शरीरात तेच कमी आहे, याला मात्र पक्का पुरावा मिळत नाही. माती, खडू, बर्फ खावासा वाटत असेल तर हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्यावं, ते वेगळं प्रकरण आहे.

आत काय चाललेलं असतं

मीलनानंतर साधारण 22 व्या दिवशी हृदयाची नळी आकुंचन पावू लागते, आणि 28 व्या दिवसापर्यंत मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नलिका बंद होते. 28 वा दिवस म्हणजे सहावा आठवडा, पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस. खूप जणींची पहिली तपासणी तोपर्यंत झालेलीच नसते, म्हणूनच फॉलिक ॲसिड दिवस जायच्या आधीपासून, रोज 400 मायक्रोग्रॅम, घ्यायला सांगतात. आधीच्या बाळात ही नलिका नीट बंद न होण्याचा दोष असेल तर 4 मिलिग्रॅम, 1991 च्या ब्रिटिश चाचणीत या मात्रेने पुन्हा दोष होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं होतं. ज्यांनी आधी घेतलं नाही त्यांनी कळल्या दिवसापासून सुरू करावं.

अवयव घडण्याचा काळ इतका नेमका असतो हे जगाला फार दुःखद रीतीने कळलं. 1957 ते 1961 मध्ये मळमळीसाठीही दिल्या गेलेल्या थॅलिडोमाइडने हजारो बाळांचे हातपाय अपुरे राहिले, आणि घातक काळ निघाला मीलनानंतरचा साधारण 20 वा ते 36 वा दिवस. म्हणून आधीपासून चालू असलेली औषधं लगेच डॉक्टरांना दाखवावीत, पण फिटची, थायरॉइडची, मानसिक आजाराची औषधं मनाने एकदम बंद करू नयेत, त्यानेही धोका होतो. दारू आणि सिगारेट सोडावी. कळायच्या आधी कधी घेतली गेली असेल तर झोप उडवून घेऊ नये, डॉक्टरांना सांगून टाकावं.

डाग दिसणं

पहिल्या तिमाहीत साधारण चारातल्या एकीला थोडंफार रक्त जातं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं गरोदरपण पुढे नीट चालतं. 'रुजतानाचं रक्त' ही कल्पना खूप पसरलेली आहे, पण रोजच्या नोंदी ठेवलेल्या अभ्यासात रक्त दिसलेला दिवस आणि रुजण्याचा दिवस क्वचितच जुळले, तेव्हा ते नाव जपूनच वापरावं. कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण 10 ते 20 टक्के गळतात, त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांमध्येच दोष असतो. बादली उचलली, जिना चढला, भांडण झालं म्हणून असं झालं असं बायका स्वतःला दोष देत बसतात आणि दुर्दैवाने दुसरेही देतात, तसं नसतं. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ते तपासणीच्या वेळी सांगावं.

एका बाजूला वाढत जाणारं दुखणं, चक्कर, खांद्याच्या टोकाशी दुखणं, पॅड भिजेल इतकं रक्त किंवा ताप यातलं काहीही असेल तर रात्र असली तरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. 1 ते 2 टक्के गरोदरपणं गर्भाशयाबाहेर, बहुधा बीजनलिकेत, रुजतात आणि ती फुटली तर जिवावर बेततं. टेस्ट पॉझिटिव्ह आहे म्हणजे गर्भ जागेवर आहे असं नसतं.

पहिली सोनोग्राफी

पाचव्या आठवड्याच्या आसपास स्क्रीनवर फक्त एक काळी गोल पिशवी दिसते, काही दिवसांनी तिच्यात अंगठीसारखं पांढरं कडं, आणि सहाव्याच्या सुमारास त्या कड्याला चिकटून तांदळाच्या दाण्याहून लहान असं काहीतरी, त्यात लुकलुकणारा ठिपका. तो ठिपका म्हणजे हृदयाची धडधड. लवकर गेलं तर तो दिसत नाही आणि 'एक आठवड्याने परत या' असं सांगतात, तो आठवडा काढणं फार जड जातं, पण घाईत निर्णय होऊ नये म्हणूनच ती पद्धत आहे. डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी 7 मिलिमीटर किंवा जास्त असून ठोका नसेल, किंवा रिकामी पिशवी सरासरी 25 मिलिमीटर किंवा मोठी असेल, तरच एका तपासणीवर गर्भ थांबला असं म्हणायचं, असे निकष 2013 मध्ये ठरले.

ही लांबी मोजून वय काढायची पद्धत ग्लासगोचे ह्यू रॉबिन्सन यांनी 1973 मध्ये मांडली. या आठवड्यांत सगळे गर्भ जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून पाळीच्या तारखेपेक्षा ही जास्त भरवशाची. नववा आठवडा पूर्ण व्हायच्या आत पाळीच्या हिशेबाशी 5 दिवसांपेक्षा जास्त आणि त्यापुढे तिमाही संपेपर्यंत 7 दिवसांपेक्षा जास्त फरक आला तर तारीख बदलतात. 11 ते 13 आठवडे 6 दिवसांत, लांबी 45 ते 84 मिलिमीटर असताना, मानेमागची जाडी बघणारा एनटी स्कॅन होतो. तारीख तोवर ठरली नसेल तर इथे ठरते, आणि पुढच्या सोनोग्राफीत आकडे थोडे मागेपुढे आले तरी तीच कायम ठेवतात.