स्कॅन्डिनेव्हियन गुन्हेकथामालांचे अनुवादातून वाचन

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि आइसलँड येथील लेखकांनी एखाद्या पोलीस अधिकाऱ्याला मध्यवर्ती ठेवून लिहिलेल्या कादंबऱ्यांच्या मालिका परभाषक वाचकांनी अनुवादातून वाचण्याची प्रथा. भूगोलाच्या काटेकोर व्याख्येत आइसलँड स्कॅन्डिनेव्हियात मोडत नाही, फिनलंडही नाही. पण पुस्तकांच्या दुकानात सगळे एकाच फळीवर असतात आणि ‘नॉर्डिक न्वार’ (उत्तरेकडच्या काळोख्या गुन्हेकथा) हे नावही सर्वांना सरसकट लावले जाते. मराठी वाचक या कादंबऱ्यांपर्यंत बहुतेक वेळा इंग्रजीतून पोचतो. त्यामुळे इंग्रजी अनुवादांच्या इतिहासात जे घोळ झाले, ते त्याच्याही वाट्याला येतात. त्यांतला सर्वांत मोठा घोळ क्रमाचा आहे.

शेरलॉक होम्सची कोणतीही कथा आधी वाचली तरी फारसे बिघडत नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजारही वाचनालयात जे पुस्तक हाती लागेल तेथून सुरू करता येतो. या उत्तरेकडच्या मालिकांची घडण निराळी आहे. त्यांतले पोलीस म्हातारे होतात, त्यांचे संसार मोडतात, मुले मोठी होऊन दुरावतात, कोणी नोकरी सोडतो. एका पुस्तकातला गुन्हा त्या पुस्तकात संपतो, पण त्याची झळ पुढच्या तीन-चार पुस्तकांना लागत राहते. म्हणजे बाहेरून दहा पुस्तके दिसली तरी आत कादंबरी एकच असते, आणि तिची प्रकरणे उलटसुलट वाचली तर रहस्य उलगडते, माणूस मात्र उलगडत नाही.

ही रीत माय शोवाल (१९३५–२०२०) आणि पेर व्हालो (१९२६–७५) या स्वीडिश जोडीने घालून दिली. दोघेही मार्क्सवादी. मुले झोपली की रात्री एकेक प्रकरण वाटून घेऊन ते लिहीत. दहा कादंबऱ्या, प्रत्येकी तीस प्रकरणे, म्हणजे तीनशे प्रकरणांची एक सलग कथा असा त्यांचा आराखडा होता आणि मालिकेचे उपशीर्षक होते ‘एका गुन्ह्याची कादंबरी’. हा गुन्हा म्हणजे कोण्या एकाचा खून नव्हे. कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याने आपल्याच कष्टकरी माणसाशी केलेली प्रतारणा, असा त्यांचा रोख होता. पहिली कादंबरी ‘रोझॅना’ १९६५ साली आली. मुताला शहराजवळ ‘येता’ (Göta) नावाच्या कालव्याच्या दारांपाशी गाळ उपसताना एका अनोळखी तरुणीचे प्रेत सापडते आणि ती कोण हे कळायलाच कित्येक आठवडे जातात. त्याच वर्षी स्वीडनमधील पोलीस दल नगरपालिकांकडून काढून राष्ट्रीय करण्यात आले होते. या केंद्रीकरणावरचा राग मालिकेत पुस्तकागणिक चढत जातो. सुरुवातीच्या कादंबऱ्या शांत, जवळजवळ कोरड्या आहेत. शेवटच्या दोन-तीन उघड उपहासाच्या. दहावी ‘द टेररिस्ट्स’ १९७५ ची. तिचा अखेरचा शब्द ‘मार्क्स’ आहे. व्हालो त्याच वर्षी वारले.

ही मालिका मध्येच कोठून तरी उचलणाऱ्याला काय गमवावे लागते, याचा उत्तम नमुना म्हणजे नववी कादंबरी ‘कॉप किलर’ (१९७४). तिच्यात एका बाईचा खून होतो आणि संशय ज्या शेजाऱ्यावर येतो, तो ‘रोझॅना’तला दोषी ठरलेला खुनी असतो, शिक्षा भोगून आलेला. दुसऱ्या कादंबरीतला आणखी एक माणूसही येथे नव्याने भेटतो. मालिकेचा नायक, पोलीस अधिकारी मार्टिन बेक आणि त्याचा सहकारी कोलबेरी यांना वाटणारी लाज, संकोच आणि थकवा हा सगळा दहा वर्षांच्या ओळखीतून आलेला आहे. ‘कॉप किलर’ आधी वाचली तर ‘रोझॅना’तले रहस्य तर गेलेच, शिवाय ‘कॉप किलर’चाही जीव अर्धाच राहतो.

इंग्रजीत या दहा पुस्तकांना एक आवाज लाभला नाही. लोइस रॉथ, अ‍ॅलन ब्लेअर, जोन टेट, टॉमस टील, पॉल ब्रिटन ऑस्टिन आणि नोस्पेल दांपत्य अशा अनेकांनी ती वाटून घेतली. काही ब्रिटिश, काही अमेरिकन. त्यामुळे बेकच्या बोलण्याची ढब पुस्तकागणिक बदलते आणि हा बदल त्याच्या वयाचा की अनुवादकाचा, असा प्रश्न सावध वाचकाला पडतो. तरीही चौथी कादंबरी ‘द लाफिंग पोलिसमन’ (१९६८) ब्लेअर यांच्या अनुवादातून अमेरिकेत एवढी गाजली की रहस्यकथांसाठीचा १९७१ चा एडगर पुरस्कार तिला मिळाला. पुढे हॉलिवूडने तिच्यावर चित्रपट काढला. त्यात, जिच्यात हत्याकांड घडते ती स्टॉकहोमची बस सॅन फ्रान्सिस्कोत गेली आणि मूळ कादंबरीतली व्हिएतनाम युद्धविरोधी निदर्शनांची पावसाळी रात्र गळून पडली.

क्रमाची खरी वाताहत झाली ती १९९० नंतर. हेनिंग मान्केल (१९४८–२०१५) यांची ‘फेसलेस किलर्स’ स्वीडिशमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९२ साली सुरू झालेल्या ‘ग्लास की’ या नॉर्डिक गुन्हेकथा पुरस्काराची ती पहिली मानकरी ठरली. स्वीडनच्या दक्षिण टोकाच्या ईस्ताद गावातला इन्स्पेक्टर कुर्ट वालांडर यानंतर जवळजवळ दरवर्षी वाचकांना भेटत राहिला. बायको सोडून गेलेली, मुलगी हाताबाहेर, मधुमेह मागे लागलेला, आणि आयुष्यभर एकच निसर्गचित्र पुन्हापुन्हा रंगवणारे तिरसट वडील. चित्रात फरक एवढाच, की कधी त्यात रानकोंबडा असतो, कधी नसतो.

इंग्रजीत पहिले पुस्तक १९९७ मध्ये आले. १९९८ मध्ये तिसरे, १९९९ मध्ये पाचवे, २००० मध्ये सहावे, मग २००१ मध्ये मागे वळून दुसरे. चौथे, ‘द मॅन हू स्माइल्ड’, स्वीडिशमध्ये १९९४ चे. ते इंग्रजीत यायला २००५ उजाडले, तोवर आठवे येऊन गेले होते. हे चौथे पुस्तक म्हणजे मालिकेतले वळण आहे. आदल्या कादंबरीत वालांडरच्या हातून एक माणूस मारला गेलेला असतो. त्या धक्क्याने तो दीर्घ रजेवर जातो, डेन्मार्कमधल्या स्कागेनच्या किनाऱ्यावर एकटा भटकतो, नोकरी सोडायचे ठरवतो. याच पुस्तकात अ‍ॅन-ब्रिट ह्योग्लुंड ही तरुण अधिकारी ठाण्यात नव्याने रुजू होते. इंग्रजी वाचकाला ती पाचव्या पुस्तकात मुरलेली सहकारी म्हणूनच भेटली आणि वालांडर एवढा का खचला होता, हे त्याला सहा वर्षांनी कळले. प्रकाशकांच्या बाजूने बोलायचे तर अनोळखी लेखकाचे सर्वांत बळकट पुस्तक आधी काढणे हा धंद्याचा साधा हिशेब आहे, आणि तो चुकला असेही म्हणता येत नाही: पाचव्या ‘साइडट्रॅक्ड’ला २००१ साली ब्रिटनचा गोल्ड डॅगर हा गुन्हेकथा पुरस्कार मिळाला आणि इंग्रजीत मान्केलचे नाव झाले.

वालांडरबाबत आणखी एक गंमत आहे. त्याची एक छोटी कथा मान्केलने नेदरलँड्समधील वाचनमोहिमेसाठी लिहिली. ती २००४ साली डच अनुवादात निघाली, आणि मूळ स्वीडिश पुस्तक २०१३ मध्ये आले. म्हणजे एकदा तरी अनुवादाचा वाचक मूळ भाषेतल्या वाचकाच्या नऊ वर्षे पुढे होता. कथानकाच्या काळाने पाहिले तर ती शेवटच्या ‘द ट्रबल्ड मॅन’ (२००९) या कादंबरीच्या आधी बसते. ‘द पिरॅमिड’ (१९९९) हा कथासंग्रह वालांडरच्या तरुणपणापासून पहिल्या कादंबरीच्या उंबरठ्यापर्यंत येतो. पण तो आधी वाचू नये. प्रौढ वालांडर ओळखीचा झाल्यावर तरुण वालांडरच्या चुका बोचतात, आधी वाचल्या तर त्या नुसत्या चुका राहतात.

नॉर्वेचे यू नेस्बो (आपल्याकडे ‘जो नेस्बो’) यांच्या बाबतीत प्रकरण जास्तच गुंतागुंतीचे झाले. हॅरी हुले हा दारूच्या आहारी गेलेला ऑस्लोचा पोलीस. त्याची पहिली कादंबरी (१९९७) ऑस्ट्रेलियात घडते, दुसरी (१९९८) बँकॉकमध्ये. इंग्रजीत ही दोन्ही सुरुवातीला बाजूला पडली. ‘द बॅट’ २०१२ मध्ये आणि ‘कॉक्रोचेस’ २०१३ मध्ये आली. मधल्या तीन, ‘द रेडब्रेस्ट’ (२०००), ‘नेमेसिस’ (२००२) आणि ‘द डेव्हिल्स स्टार’ (२००३), यांत एक धागा सलग चालतो: पोलीस दलातल्याच एका माणसाविषयी वाचकाला जे कळलेले असते, ते हॅरीला कळत नाही. ताण सगळा त्यावर उभा आहे. इंग्रजीत मात्र या तिघींतली शेवटची २००५ मध्ये आधी निघाली आणि ‘रेडब्रेस्ट’ तिच्यामागून. ज्यांनी प्रकाशनाच्या ओघात वाचले, त्यांना गाठ सुटल्यावर ती कशी पडली होती ते दाखवण्यात आले. एवढे मात्र बरे झाले की या पाचही पुस्तकांचा अनुवाद डॉन बार्टलेट या एकाच अनुवादकाने सांभाळल्यामुळे हॅरीचा आवाज टिकला.

ही उदाहरणे अपवादात्मक नाहीत. नॉर्वेच्याच कारीन फोसुम यांच्या इन्स्पेक्टर सेयर मालिकेतली पहिली कादंबरी १९९५ ची. इंग्रजीत मालिका दुसरीपासून सुरू झाली आणि पहिली २०१२ पर्यंत थांबली. अन्ने होल्ट या तर काही काळ नॉर्वेच्या कायदामंत्री होत्या. त्यांच्या हान्ने विल्हेल्मसेन या महिला पोलीस अधिकाऱ्याच्या मालिकेत इंग्रजीत नावारूपाला आली ती आठवी कादंबरी, ‘१२२२’. ऑस्लो–बर्गन रेल्वेमार्गावर फिन्से येथे हिमवादळात अडकलेल्या प्रवाशांची ही गोष्ट. शीर्षकातला आकडा त्या स्थानकाची मीटरमधली उंची. तिच्यात हान्ने चाकाच्या खुर्चीत आहे, नोकरीतून निवृत्त झालेली, माणसांना वैतागलेली. १९९३ ची पहिली कादंबरी त्यानंतर आली आणि वाचकांना चालतीफिरती, बिनधास्त हान्ने भेटली, पण तिचे पुढे काय होणार हे आधीच ठाऊक झालेले.

शीर्षकांनीही गोंधळ वाढवला. डॅनिश लेखक युसी अ‍ॅडलर-ओल्सन यांची ‘डिपार्टमेंट क्यू’ मालिकेतली पहिली कादंबरी ब्रिटनमध्ये ‘मर्सी’ आहे आणि अमेरिकेत ‘द कीपर ऑफ लॉस्ट कॉझेस’. आइसलँडच्या अर्नाल्दुर इंद्रिदासोन यांची ‘जार सिटी’ काही आवृत्त्यांत ‘टेंटेड ब्लड’ म्हणून निघाली. भारतात दोन्ही देशांच्या आवृत्त्या, शिवाय जुन्या बाजारातली पुस्तके मिसळून मिळतात. तेव्हा एकच पुस्तक दोनदा विकत घेतले जाण्याची पाळी येते. स्टीग लार्सन (१९५४–२००४) यांच्या पहिल्या कादंबरीचे मूळ शीर्षक ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’ असे थेट आरोपपत्रासारखे आहे. इंग्रजीत तिची ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ झाली. लक्ष आरोपीवरून नायिकेच्या पाठीवरच्या गोंदणाकडे गेले. तिचे अनुवादक स्टीव्हन मरी यांना संपादनात झालेले बदल पटले नाहीत, म्हणून त्यांनी ‘रेग कीलंड’ हे टोपणनाव लावले. मान्केलचा पहिला इंग्रजी अनुवाद याच मरी यांचा. डॅनिश लेखक पीटर ह्योग यांच्या स्मिला या नायिकेच्या गाजलेल्या कादंबरीचेही असेच झाले: टीना नुनली यांचा अनुवाद अमेरिकेत त्यांच्या नावाने, आणि ब्रिटनमध्ये फेरफार केलेला ‘एफ. डेव्हिड’ या नावाने. नुनली आणि मरी पतीपत्नी होते.

अनुवादांचे यश इतके वाढले की ब्रिटिश पुरस्कारांचे नियम बदलले. अर्नाल्दुर यांच्या ‘सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह’ला २००५ साली गोल्ड डॅगर मिळाला. त्यानंतर अनुवादित पुस्तके त्या पुरस्कारातून बाहेर काढून २००६ पासून त्यांच्यासाठी वेगळा इंटरनॅशनल डॅगर सुरू झाला. त्याची रक्कम लेखक आणि अनुवादक दोघांनाही मिळू लागली, ही गोष्ट चांगली. पण दाराबाहेर वेगळा पाट मांडल्यासारखे अनेकांना वाटले, आणि ते चुकीचे नव्हते.

मुखपृष्ठांवर विश्वास ठेवू नये. बर्फ, उघडी झाडे आणि पाठमोरी एकटी आकृती हा साचा ठरून गेला आहे. प्रत्यक्षात ‘रोझॅना’ची सुरुवात जुलैत होते आणि ‘साइडट्रॅक्ड’ तर १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या उन्हाळ्यात घडते. पोलीस ठाण्यात पैजा लागलेल्या असतात. विश्वासार्ह पान एकच, शीर्षकपानामागचे. तेथे मूळ नाव आणि मूळ प्रकाशनाचे वर्ष छापलेले असते, आणि वाचनाचा क्रम त्या वर्षांवरून लावावा. नॉर्वेत ईस्टरच्या सुट्टीत डोंगरातल्या झोपडीवर जाऊन गुन्हेकथा वाचण्याची प्रथा १९२३ पासून आहे; तेथील वाचकाला नवे पुस्तक दरसाल आपसूक मिळते. आपल्याला ते वर्ष शोधून काढावे लागते.

क्रम लावूनही काही मालिका पुऱ्या होत नाहीत. अर्नाल्दुर यांच्या इन्स्पेक्टर एर्लेंदुरचा धाकटा भाऊ लहानपणी हिमवादळात हरवला, आणि ती सल सगळ्या पुस्तकांतून वाहते. (आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते, म्हणून लेखकाला अर्नाल्दुरच म्हणतात, ग्रंथालयात मात्र तो ‘इ’खाली सापडतो.) इंग्रजीत ही मालिका २००४ मध्ये ‘जार सिटी’पासून सुरू झाली, म्हणजे मूळ क्रमातल्या तिसऱ्या पुस्तकापासून, बर्नार्ड स्कडर यांचा अनुवाद, आणि २००७ मध्ये ते वारल्यावर पुढची पुस्तके व्हिक्टोरिया क्रिब यांच्याकडे गेली. नंतर अर्नाल्दुरने एर्लेंदुरच्या तरुणपणावर ‘रेकयाविक नाइट्स’ लिहिली, तीही इंग्रजीत आली. १९९७ आणि १९९८ ची पहिली दोन पुस्तके मात्र मागेच राहिली.