शालेय आहार-व्यायाम शिक्षण (पुणे)

शाळकरी मुलांना काय, किती आणि केव्हा खावे, अंग कसे हलते ठेवावे, याची सवय लावणारे शिक्षण. अभ्यासक्रमात ते विज्ञान, परिसर अभ्यास आणि शारीरिक शिक्षण यांत विखुरलेले असते. प्रत्यक्षात मात्र ते मधल्या सुट्टीतला डबा आणि पीटीचा तास या दोन जागी घडते किंवा फसते.

पुण्यात यातली व्यायामाची बाजू आधीची. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ची. खो-खोचे नियम १९१४ मध्ये तिथेच बांधले गेले. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ ही व्यायामसंस्था सुरू केली. आहाराची बाजू आली ती उपासमारीच्या काळजीतून. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभर सुरू झालेली शालेय पोषण आहार योजना २०२१ पासून ‘पीएम पोषण’ म्हणून ओळखली जाते. पहिली ते पाचवीच्या मुलाला जेवणातून ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने, असे तिचे प्रमाण आहे. शाळेतली खिचडी ती हीच.

भरपूर खाल्ले की मूल धडधाकट, या समजाला धक्का पुण्यातूनच बसला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे ब्रिटिश बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र ‘द लॅन्सेट’मध्ये आले. उंचीच्या मानाने वजन पाहणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून ‘आमचा तर किडकिडीत आहे, त्याला काय होतंय’ हे पालकांचे बोलणे फारसे धरून चालता येत नाही. हे शिक्षण गुटगुटीत मुलांपुरते ठेवणे ही चूकच.

वर्गात उपयोगी पडतो तो साधा प्रयोग. गोड शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. पाच ग्रॅमचा एक, असे सहा चमचे पांढऱ्या कागदावर ओतले की मागच्या बाकावरची कुजबुजही थांबते. पाठोपाठ पाकिटाची मागची बाजू वाचायला शिकवावी. २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे पदार्थांतली साखर दाखवणारे फलक, लावायला सांगितले, त्यातही कल्पना हीच आहे. डब्याची तपासणी मात्र सगळ्यांसमोर करू नये. बिस्किटाचा पुडा आणणाऱ्या मुलाची आई पहाटे कामाला गेलेली असू शकते. थालीपीठ, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चिक्की यांची ओळख सगळ्यांनी मिळून खाताना जास्त होते.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ वा साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. पेठांमध्ये शाळेचे दार थेट रस्त्यावर उघडते. तिथे ५० मीटरमध्ये दोन बेकऱ्या आणि एक वडापावची गाडी सहज मावते. बोरे-चिंचा विकणाऱ्या आजी मात्र कमी झाल्या.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. व्हॅनमधून शाळा, शाळेतून क्लास असे वेळापत्रक असताना एवढी मिनिटे मिळणार कुठून? त्यात परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो पीटीचा, त्या तासाला गणित घेतले जाते. मैदान लहान ही सबबही तोकडी आहे. लंगडीला फरशीवर खडूने आखलेला चौकोन पुरतो; त्यात पाच मिनिटे एका पायावर धावणाऱ्याचा दम निघतो. पावसाळ्यात बाक भिंतीला सरकवले की सूर्यनमस्कारांपुरती जागा वर्गातच होते.