सामुदायिक आरोग्य केंद्रांचे मूल्यमापन : जोखीम-समायोजनाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील सामुदायिक आरोग्य केंद्रे, म्हणजे गरीब वस्त्यांना प्राथमिक उपचार देणारी केंद्रे, १९६५ मध्ये गरिबीविरोधी कार्यक्रमातून सुरू झाली. त्या पहिल्या दशकाचे विश्वासार्ह मोजमाप मात्र फार उशिरा झाले आणि तेही निधीवाटपाच्या विस्कळीतपणामुळेच शक्य झाले. काही कौंटींना (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागांना) निधी आधी मिळाला, काहींना नंतर, पुष्कळांना मिळालाच नाही. या कालक्रमाचा आधार घेऊन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केंद्रांमुळे पन्नाशीपुढील लोकांचा वयसमायोजित (वयरचनेतील फरक वगळून काढलेला) मृत्युदर दहा वर्षांत सुमारे २ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष निघाला.

केंद्रनिहाय आकडेवारीची एकसारखी वार्षिक नोंद १९९६ पासून होऊ लागली, आणि केंद्रांची तुलना कशी करावी, हा खरा वाद तिथून वाढला. मधुमेहाच्या निर्देशांकात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) ९ टक्क्यांपेक्षा अधिक असलेला रुग्ण ‘अनियंत्रित’ धरला जातो. परंतु वर्षभरात ज्याची ही तपासणीच झाली नाही, तोही त्याच रकान्यात जातो. बेघर किंवा हंगामी शेतमजूर रुग्ण ज्या केंद्रात अधिक, तिथे उपचार चांगले असूनही हा आकडा फुगू शकतो. अशा वेळी गरिबी, बेघरपणा आणि विम्याचा अभाव हे घटक सांख्यिकी प्रतिमानात घेऊन केंद्राचा निकाल समायोजित करावा, म्हणजेच जोखीम-समायोजन करावे, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसरी बाजू म्हणे की, तसे केल्यास गरिबांच्या वाट्याला येणारी निकृष्ट सेवा सांख्यिकीच्या आडून मान्य केल्यासारखे होईल. हा आक्षेप हलका नव्हता, मात्र समायोजन नाकारल्याने कठीण वस्तीत काम करणारेच दंडित होतात, याचे समाधानकारक उत्तर त्या बाजूने क्वचितच दिले. २०१४ मध्ये एका तज्ज्ञ समितीने सामाजिक घटकांच्या समायोजनाला अनुकूल शिफारस केली. घरी सोडलेले रुग्ण थोड्याच दिवसांत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण अधिक असल्यास रुग्णालयांना होणाऱ्या दंडाबाबत २०१६ च्या कायद्याने गरीब रुग्णांच्या प्रमाणानुसार गट पाडून तुलना करण्याची तरतूद केली.

केंद्रांच्या क्रमवारीतही विमा नसलेल्या, अल्पसंख्य, बेघर आणि शेतमजूर रुग्णांचे प्रमाण विचारात घेऊन चतुर्थक (क्रमवारीचे चार समान गट) ठरवले गेले. तरीही एक मर्यादा राहिली : केंद्रांची ही वार्षिक नोंद वर्षानुवर्षे केंद्राच्या एकत्रित बेरजांचीच होती. एखाद्या केंद्रात बेघर रुग्ण किती आणि अनियंत्रित मधुमेही किती हे त्यातून कळे. ते दोन्ही गट कितपत एकच आहेत, हे कळत नसे. रुग्णनिहाय, ओळख वगळलेली माहिती गोळा करण्याचे प्रयत्न अलीकडे सुरू झाले आहेत; त्यातून ही उणीव भरून निघू शकते.