स्टॅगिंग : खासगीकरणातील शेअरची झटपट खरेदी-विक्री

एखाद्या कंपनीचे शेअर पहिल्यांदा जनतेला विक्रीला निघाले की त्यांच्यासाठी अर्ज करायचा, वाटपात मिळतील तेवढे घ्यायचे आणि बाजारात व्यवहार सुरू होताच विकून मोकळे व्हायचे, या प्रथेला लंडनच्या शेअरबाजारात ‘स्टॅगिंग’ म्हणतात आणि असे करणाऱ्याला ‘स्टॅग’. प्रथा एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वे कंपन्यांच्या तेजीइतकी जुनी आहे. पण एरवी बाजाराकडे न फिरकणाऱ्या लाखो माणसांनी ती केली ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी सरकारी कंपन्या विकायला काढल्या तेव्हा, मुख्यतः १९८४ ते १९८७ दरम्यान. आपल्याकडे ‘लिस्टिंग गेन’साठी, म्हणजे बाजारात नोंदणी होताच मिळणाऱ्या नफ्यासाठी, आयपीओ (कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री) भरतात तसाच हा प्रकार. फरक एवढाच की विकणारे सरकार होते आणि पैसे बहुधा हप्त्यांनी भरायचे होते. या दोन्ही गोष्टी स्टॅगच्या पथ्यावर पडल्या.

नफा कुठून येतो

हा नफा बहुतेक वेळा विक्रेत्यानेच किमतीत ठेवलेला असतो. खासगी प्रवर्तकाला प्रत्येक पेनी हवी असते; सरकारला मात्र विक्री फसल्याची नामुष्की जास्त महागात पडते. फेब्रुवारी १९८२ मध्ये किरणोत्सर्गी समस्थानिके बनवणारी ॲमरशॅम इंटरनॅशनल शेअरमागे १४२ पेन्सला (१०० पेन्स म्हणजे एक पौंड) विकली गेली. मागणी सुमारे २४ पट आली, भाव पहिल्याच दिवशी तीसेक टक्के वर गेला आणि राष्ट्राची मालमत्ता स्वस्तात लुटवल्याची ओरड झाली. म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटऑइल ही सरकारी तेल कंपनी किमान २१५ पेन्स ठेवून बोली पद्धतीने विकायला काढली. तेलाचे भाव नेमके तेव्हाच घसरत होते. बहुतेक शेअर विक्रीची हमी घेतलेल्या संस्थांच्या गळ्यात पडले आणि व्यवहार तोट्यातच सुरू झाले. लुटवल्याची टीका एकवेळ सोसते, पण माल अंगावर पडणे सोसत नाही, हा धडा सरकारने घेतला असावा. पुढच्या मोठ्या विक्रींमध्ये बहुधा आधीच जाहीर केलेली आणि हात राखून ठरवलेली किंमत दिसते.

हप्त्यांचे गणित ब्रिटिश टेलिकॉमच्या उदाहरणावरून कळते. नोव्हेंबर १९८४ मध्ये कंपनीचे ५० टक्क्यांहून थोडे अधिक शेअर १३० पेन्सला विकले गेले. अर्जासोबत फक्त ५० पेन्स भरायचे होते; उरलेले ४०-४० पेन्स जून १९८५ आणि एप्रिल १९८६ मध्ये. व्यवहार ३ डिसेंबरला सुरू झाले आणि ५० पेन्स भरलेला शेअर दिवसअखेर ९३ पेन्सच्या आसपास गेला. पूर्ण किमतीवर ही वाढ ३३ टक्के होते, पण खिशातून गेलेल्या पैशांवर ८६ टक्के! विकणाऱ्याला पुढचे हप्ते भरावे लागत नाहीत. ती जबाबदारी शेअरसोबत घेणाऱ्याकडे जाते. ब्रिटिश गॅस (डिसेंबर १९८६, १३५ पेन्स, पहिला हप्ता ५०) आणि रोल्स-रॉइस (मे १९८७, १७० पेन्स, पहिला हप्ता ८५) यांतही हेच घडले. वाढ मात्र सारखी नव्हती. गॅसचा शेअर पहिल्या दिवशी साठीच्या थोडा वर राहिला, तर रोल्स-रॉइसचा १४७ पेन्सच्या घरात गेला.

अर्जापासून विक्रीपर्यंत

माहितीपत्रक आणि अर्ज वृत्तपत्रांत पानेच्या पाने छापून येत. बँकांत आणि टपाल कार्यालयांतही मिळत. अर्ज भरून पहिल्या हप्त्याचा चेक जोडायचा आणि ठरलेल्या दिवशी सकाळी दहाच्या आत अर्ज स्वीकारणाऱ्या बँकेत पोहोचेल असे पाहायचे. टपालावर विसंबून अखेरच्या दिवशी पाठवलेले अर्ज बाद होत. चेक लगेच वटवण्याचा हक्क माहितीपत्रकात राखलेला असे, कारण जुने स्टॅग खात्यात पैसे नसताना मोठे चेक लिहीत आणि वाटपात कमी शेअर मिळतील यावर भिस्त ठेवत. वाटप झाले की घरी वाटपपत्र येई आणि जादा भरलेली रक्कम परत मिळे. विकायचे असेल तर पत्राच्या हस्तांतराच्या रकान्यात सही करून ते दलालाकडे किंवा बँकेत द्यायचे. ठरलेल्या मुदतीपर्यंत हे हस्तांतर मुद्रांक शुल्काविना होई.

अडचण या पत्राचीच होती. बाजार सुरू होई तेव्हा मोठ्या संस्थांना आपले वाटप कळलेले असे, पण किरकोळ अर्जदाराच्या दारात टपाल यायला काही दिवस जात. किती मिळाले हे माहीत नसताना अंदाजाने विकले आणि पत्रात कमी शेअर निघाले, तर फरक बाजारभावाने विकत घेऊन भरावा लागतो. त्यामुळे पहिल्या दिवसाचा भाव बहुतेकांना फक्त वर्तमानपत्रात दिसे.

वाटपाचे डावपेच

मागणी अनेक पट आली की सरकार लहान अर्जांना झुकते माप देई, कारण भागधारक मतदारांची संख्या वाढवणे हाही विक्रीचा हेतू होता. टेलिकॉममध्ये एक लाखाहून अधिक शेअर मागणाऱ्यांना काहीच मिळाले नाही. २०१३ साली रॉयल मेल या ब्रिटिश टपाल कंपनीच्या विक्रीत १०,००० पौंडांपर्यंत कितीही मागणाऱ्याला सरसकट २२७ शेअर मिळाले (३३० पेन्स दराने ७४९ पौंड १० पेन्स) आणि त्यावर मागणाऱ्यांच्या हाती भोपळा आला. म्हणजे एकच मोठा अर्ज करण्यापेक्षा घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाने आपापल्या पैशांतून लहान अर्ज करणे फायद्याचे.

इथेच कायद्याची रेषा आहे. एका माणसाने नाव किंवा पत्ता थोडा बदलून अनेक अर्ज करणे हा फसवणुकीचा गुन्हा ठरतो. टेलिकॉमच्या शेअरसाठी असे अर्ज केल्याबद्दल कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या एका खासदाराला १९८७ मध्ये दोषी ठरवले गेले. तुरुंगवासाची शिक्षा अपिलात रद्द झाली, दंड मात्र वाढला.

कुठे फसते

किंमत जाहीर होणे आणि व्यवहार सुरू होणे यांत साधारण दोन आठवडे जातात, आणि सगळा धोका त्या फटीत असतो. ब्रिटिश पेट्रोलियममधला सरकारचा उरलेला हिस्सा विकण्यासाठी ऑक्टोबर १९८७ च्या मध्यावर ३३० पेन्स किंमत ठरली. पहिला हप्ता १२० पेन्स. त्यानंतर चारच दिवसांत, १९ ऑक्टोबरला, जगभरचे बाजार कोसळले. अर्जाची मुदत तेव्हा संपलेली नव्हती, म्हणून भाव पाहणाऱ्या माणसाने अर्जच केला नाही. तरीही ‘सरकारी शेअर म्हणजे फायदाच’ या सवयीने अर्ज करणारे निघालेच. ३० ऑक्टोबरला १२० पेन्स भरलेला शेअर ८५ च्या आसपास उघडला. अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी विक्री मागे घेतली नाही; फक्त बँक ऑफ इंग्लंड ७० पेन्सला शेअर परत घेईल असा आधार दिला. अशा वेळी हप्ते उलटतात. शेअर धरून ठेवला तर आणखी २१० पेन्स भरायचे असतात, आणि हप्ता चुकवला तर शेअर जप्त होऊ शकतो.

तोटा न होताही नफा विरघळतो. टेलिकॉमच्या २०० शेअरवर ४३ पेन्सप्रमाणे ८६ पौंड सुटत. किमान दलाली वीस पौंड धरली तरी जवळपास चौथा हिस्सा गेला. शिवाय विकणाऱ्याचे टेलिफोन बिलातील सवलतीचे कूपन किंवा तीन वर्षे शेअर धरणाऱ्याला दहामागे एक मिळणारा बोनस शेअर बुडे. भांडवली नफ्यावरील कराची चिंता मात्र बहुतेकांना नव्हती. १९८४-८५ मध्ये ५,६०० पौंडांपर्यंतचा वार्षिक नफा करमुक्त होता.

झटपट विकण्याचा दोष नेहमी छोट्या माणसावर येतो, तो पूर्ण खरा नाही. रॉयल मेलचा शेअर पहिल्या दिवसअखेर ४५५ पेन्सवर होता. दीर्घकाळ राहतील म्हणून १६ बड्या गुंतवणूकदारांना प्राधान्याने शेअर दिले होते. त्यांतल्या बहुतेकांनी काही आठवड्यांतच आपला हिस्सा पूर्ण किंवा अंशतः विकल्याचे ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१४ मध्ये दाखवून दिले. शेअर दीर्घकाळ धरून ठेवण्याचे आश्वासन लेखी नव्हते. कर्मचाऱ्यांना फुकट मिळालेल्या शेअरवर मात्र तीन वर्षांची विक्रीबंदी होती.

भारतात

इथे खऱ्या अर्थाने खासगीकरण झालेल्या बहुतेक कंपन्या थेट एका खरेदीदाराला गेल्या, त्यामुळे स्टॅगला फारसे काही उरले नाही. मारुती उद्योग हा ठळक अपवाद. नियंत्रण २००२ मध्ये सुझुकीकडे गेल्यावर २००३ मध्ये सरकारने आपला काही हिस्सा १२५ रुपयांना जनतेला विकला आणि तो चढ्या भावाने नोंदला गेला. आयुर्विमा महामंडळाची मे २०२२ मधली विक्री खासगीकरण नव्हती. मालकी सरकारकडेच राहिली. पण लिस्टिंग गेनच्या आशेने अनेकांनी अर्ज केले. किंमत ९४९ रुपये, पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट. शेअर राष्ट्रीय शेअरबाजारात ८७२ ला उघडला. १५ शेअरच्या एका लॉटमागे (अर्जाच्या किमान गठ्ठ्यामागे) पॉलिसीधारकाला २५५ रुपये आणि सूट नसलेल्याला १,१५५ रुपये तोटा झाला.

आता अर्जाची रक्कम आपल्याच खात्यात गोठवून राहते आणि अर्ज बंद झाल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअर नोंदतो, म्हणून ब्रिटनमधली दोन आठवड्यांची फट इथे नाही. विकायचेच असेल तर नोंदणीच्या सकाळी ९ ते १० च्या पूर्वसत्रात (नेहमीचे व्यवहार सुरू होण्याआधीच्या सत्रात) मर्यादा-भाव, म्हणजे ज्याखाली विकायचे नाही तो भाव, घालून ऑर्डर द्यावी. बाजारभावाने विकायला टाकलेली ऑर्डर पडत्या सुरुवातीत मिळेल त्या भावाला निघून जाते. एक वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी तो १५ टक्के होता.